वस्तरा चालेना

सावरीने वस्तरा मिटला आणि टक् असा बारीक आवाज झाला.

तिने तो उघडला आणि पुन्हा मिटला, या खेपेला अगदी हळू. टक्. पातं मुठीच्या ज्या दोन पाकळ्यांत मिटायचं, त्यांतल्या डावीला धार आतून लागत होती. जर्दाळूच्या लाकडावर केसाएवढी रेघ उमटली होती, आणि दगडावर घासून घासून आणलेल्या धारेचं काय झालं असेल ते पाहायला तिला भिंग लागत नव्हतं.

"मेल्या," ती वस्तऱ्याला म्हणाली, "पुन्हा?"

नेमका त्याच वेळी अंगणाचं दार ढकलून हिकमत आत आला. हिकमत तिचा धाकटा भाऊ. इस्तरवशन शहराच्या बाजारात लोहारआळीत बापाची भट्टी होती, ती आता तो चालवायचा. तो सुऱ्यांची पाती घडवायचा आणि सावरी घरी बसून त्यांना मुठी करायची. अधूनमधून तो तयार मुठी न्यायला यायचा, चहा प्यायचा, चार टोमणे मारायचा आणि जायचा. सुरीच्या पात्यावर ठसा हिकमतचा असायचा. मुठीवर ठसा मारायची पद्धतच नव्हती.

"वाजला ना?" त्याने कट्ट्यावर बसता बसता विचारलं.

"कान चांगले आहेत तुझे."

"आपा, अजून वेळ गेलेली नाही. नुसरतबाबांना त्यांचं ते अर्ध्या ब्लेडचं हत्यार वापरू दे. पोराच्या तोंडावर प्रयोग कशाला?"

"पोर माझं आहे."

"तोंड त्याचं आहे."

सावरीने किटली उचलून त्याच्यापुढे ठेवली, जरा आपटूनच.

वस्तरा त्यांच्या बापाने घडवलेला होता. पक्क्या कारागिराला तिथे उस्तो म्हणतात, तसा तो उस्तो मिर्झो. त्याने जन्मभर सुऱ्या केल्या, वस्तरा मात्र एकच. तोही नुसरत न्हाव्याने पाठ सोडली नाही म्हणून. ट्रकच्या जुन्या बेअरिंगचं पोलाद होतं ते. नुसरतने तो वर्षानुवर्षं चालवला. मोहल्ल्यातल्या निम्म्या पुरुषांची लग्नातली दाढी त्याच वस्तऱ्याने झाली होती. मग एकदा हमामखान्याच्या फरशीवर पडून त्याची शिंगाची मूठ फुटली. तोवर उस्तो मिर्झो वारला होता. नुसरतने वस्तरा धोपटीच्या तळाशी टाकला तो टाकलाच, आणि बाजारातून अर्धं ब्लेड बसवायचं हत्यार आणलं. काम भागत होतं. लोकांच्या दाढ्या काय, होतच होत्या.

सावरीच्या मेहरोजचं लग्न ठरलं तेव्हा ती स्वतः नुसरतच्या दुकानी गेली आणि तिने वस्तरा मागितला. म्हाताऱ्याने धोपटी उलटी केली. गंजाने तांबूस झालेलं पातं आणि शिंगाचे तुकडे फडक्यात बांधून तिच्या हातात दिले.

"ने पोरी. कांदे चिरायला होईल."

"मेहरोजची दाढी याच वस्तऱ्याने करायची, उस्तो."

"मूठ कोण करणार?"

"मी."

नुसरत हसला. वाईट हसला असं नव्हे, पण हसला. "सुरीची मूठ वेगळी, सावरी. सुरी मिटत नाही."

हे बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. लागलं, कारण ते खरं होतं. इतक्या वर्षांत तिने किती मुठी केल्या त्याला गणती नव्हती, तुतीच्या, अक्रोडाच्या, शिंगाच्या. बायका हळद दळतात तितक्या सहज ती मूठ करायची. पण मिटणारी एकही केली नव्हती. घरी येताना वाटेवर तिने स्वतःशी ठरवून टाकलं की आता माघार नाही. असल्या गोष्टी सावरी वाटेवरच ठरवायची, घरी पोचल्यावर विचार करायला वेळ कुठे असतो.

"आणि त्यात ती रीत," हिकमत म्हणाला. चहाने त्याला जोर आला होता. "समज, धार लागली. समज, मूठही जमली. तरी नुसरतबाबा अर्ध्यात थांबून म्हणणारच, वस्तरा चालेना. ते रीतीचं म्हणाले की खरोखरचं म्हणाले, हे तुला कळणार कसं?"

सावरीने वस्तरा पुन्हा हातात घेतला. हाच किडा तिचं डोकं पोखरत होता. लग्नाआधीच्या सरतराशीत नवरदेवाला चार लोकांत बसवून त्याची दाढी करतात. अर्धी झाली की न्हावी हात थांबवतो आणि म्हणतो, वस्तरा चालेना. मग नवरदेवाच्या आत्याने पुढे व्हायचं आणि न्हाव्याच्या खांद्यावर नवाकोरा चोगा, म्हणजे मानाचा लांब अंगरखा घालायचा, की लगेच वस्तरा चालायला लागतो. नुसरतचा यात हात धरणारा कुणी नव्हता. तो वस्तऱ्याकडे असं बघायचा की जणू त्याने कुणाचा खून केलाय. दर लग्नात नवं काहीतरी बोलायचा. हा वस्तरा की कुदळ, म्हणायचा. याच्यापेक्षा माझ्या सासूबाईंचा शब्द बरा कापतो, म्हणायचा. लोक नवरदेवाला पाहायला कमी आणि नुसरतला ऐकायला जास्त यायचे.

"लोक मात्र ठरवून मोकळे होतील," हिकमत उठता उठता म्हणाला. "नुसरतबाबा जन्मात पहिल्यांदा खरं बोलला, म्हणतील." आपल्याच विनोदावर हसत तो मुठींची पिशवी घेऊन गेला.

सावरीला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि राग आला की तिचे हात चालायला लागत. तिने कानशीने पितळी खिळ्यांची डोकी उडवली, वस्तरा सुटा केला आणि सगळं फडक्यावर मांडलं. पातं. जर्दाळूच्या दोन पाकळ्या, गेल्या थंडीत बर्फाने मोडलेल्या फांदीतून काढलेल्या. त्यांच्या टोकाशी मधे बसणारी शिशाची नवी पाचर. काही चुकलेलं दिसत नव्हतं. पाकळ्या ओळंब्याला लावाव्यात इतक्या सरळ होत्या. मूठ सरळ तर माणूस सरळ, असं लोहारआळीत म्हणतात, आणि सावरीच्या मुठीत बाक काढायची कुणाची छाती नव्हती.

मग तिने डब्यातले जुने शिंगाचे तुकडे काढले. पहिल्यांदा मापं घेताना तिने ते जोडून पाहिले होते. एक पाकळी आतून जाड, दुसरी पातळ, आणि दोन्ही किंचित वळलेल्या. त्यात नवल नव्हतं. शिंग जुनं झालं की वळतं, शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तिने माप घेतलं आणि बाक सोडून दिला. जुनी शिशाची पाचरही एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होती. झिजली असेल, असं म्हणून तिने ती डब्यात टाकून दिली होती.

आता ती पाचर तळहातावर घेऊन सावरी बसून राहिली.

झिजली असेल? पाचर दोन पाकळ्यांच्या मधे असते, खिळ्याने पक्की ठोकलेली. तिला झिजवणार कोण?

तिने पाचर राखेने घासली. काळं शिसं उजळलं आणि त्यावर कानशीचे ओरखडे दिसले, बारीक, शेजारी शेजारी, शेतातल्या तासांसारखे. कुणीतरी ती मुद्दाम तिरकी केली होती. आणि ओरखडे उलट्या बाजूला कलले होते. सावरीने शिशाचा दुसरा तुकडा घेतला, नेहमीसारखी कानस मारली आणि दोन्ही शेजारी धरले. तिचे ओरखडे इकडे, पाचरीवरचे तिकडे. मग तिने कानस डाव्या हातात घेतली. हात वेडावाकडा चालला, पण ओरखडे जुळले.

बाप उजव्या हाताने काम करायचा. घरात डावखुरं एकच माणूस होतं.

बापाच्या पात्यांना मुठी करायची ती आई. तिने जन्मभर डावा हात लपवला. पाहुण्यांना चहाची पियाली डाव्या हाताने द्यायची नसते, नान डाव्या हाताने मोडायचा नसतो, म्हणून सासरी आल्या दिवसापासून ती उजव्या हाताने वागायला शिकली. चारचौघांत तिच्याकडे पाहून कुणाला कळलंही नसतं. पण कानस हातात आली की ती डाव्या हातात जायची. सावरीला आत्ता आठवलं, आणि असं आठवलं की समोर बसल्यासारखी आई दिसली. तंदूरच्या उबेला बसलेली, डोक्याचा रुमाल मागे सरकलेला, मिटायचा वस्तरा कानाशी धरलेला. उघडायची, मिटायची. उघडायची, मिटायची.

"काय ऐकतेस, आई?"

"काही ऐकू येत नाही ना, ते ऐकतेय."

तेव्हा सावरी हसली होती. आईला काहीतरीच बोलायची खोड होती, असंच तिला वाटलं होतं.

तिने पातं उचललं आणि दाराकडच्या उजेडात डोळ्यासमोर आडवं धरलं. पाठीच्या रेघेवरून नजर टोकाकडे नेली. बाक होता. नखाच्या जाडीएवढासुद्धा नव्हता, पण होता. पाणी देताना पातं वळलं होतं, लाल पोलाद गारव्यात शिरताना वळतं तसं. बापाला कळलं होतं की नाही, देव जाणे. आईला कळलं होतं. तिने पातं फेकून द्या म्हटलं नाही, नवऱ्याला चूक दाखवली नाही. पात्याला जसा बाक तशी तिने मूठ वाकडी केली. आणि सावरीने, तिच्या पोटच्या पोरीने, जन्मभर याच कामात घालवून, ती मोठ्या शहाणपणाने सरळ केली होती.

"माझी अक्कल कुठे चरायला गेली होती," ती मोठ्याने म्हणाली, आणि मग मात्र तिला थोडं रडू आलं. आनंदाचं की कशाचं, तिने पाहिलं नाही. नाक पुसलं आणि त्याच फांदीचा उरलेला तुकडा शोधायला उठली.

नव्या पाकळ्या करताना तिने घाई केली नाही. जर्दाळूचं लाकूड चिडकं, जरा घाई केली की धाग्यावर तडकतं. डावी पाकळी तिने आतून खरवडून पातळ केली, उजवी जाड ठेवली. पाचर आईच्या पाचरीवर ठेवून तशीच तिरकी केली. मध्येच मेहरोज येऊन उभा राहिला. बांधकामांवर काम करून तो रशियातून लग्नापुरता आला होता, आणि हल्ली त्याला आईचं अंगण लहान वाटायला लागलं होतं.

"आई, तिकडे मी मशीनने करतो. दोन मिनिटं लागतात."

"तिकडे कर. इथे तू नवरदेव आहेस."

"आणि कापलं तर?"

सावरीने काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "कापलं तर तुझी बायको आयुष्यभर मला नावं ठेवील. म्हणून कापणार नाही."

तो हसला. जाता जाता त्याने लाकडाचा भुसा तिच्या केसांतून झटकला.

शेवटी तिने खिळे बसवले, चकत्या घातल्या आणि लहान हातोडीने ठोकले, सुपारी फोडायलाही पुरणार नाही इतक्या हलक्या हाताने. जवसाच्या तेलाचं फडकं लाकडावरून फिरवलं तसं लाकूड गडद झालं आणि त्यातल्या रेघा वर आल्या. धार तिने पुन्हा पहिल्यापासून लावली, दगडावर आणि मग चामड्यावर. आपल्या वेणीतला एक केस धरून त्यावर टेकवली. केस तुटला ते तिला जाणवलंच नाही, खाली पडलेला तुकडा पाहून कळलं.

मग तिने वस्तरा कानाशी नेला, उघडला आणि मिटला. काही ऐकू आलं नाही.

हिकमत आला तेव्हा तिने आधी त्याला चहा पिऊ दिला. मग वस्तरा पुढे केला. त्याने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाकळ्यांकडे पाहून त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ही मूठ वाकडी आहे, आपा."

"पातं वाकडं आहे."

हिकमतने वस्तरा खाली ठेवला. "तोंड सांभाळून बोल. बाबांचं पातं आहे ते."

"बाबांचं आहे म्हणूनच सांगते. डोळ्यासमोर धरून बघ."

त्याने धरलं. लोहाराच्या नजरेला दुसऱ्यांदा बघायला लागत नाही, पण त्याने दुसऱ्यांदाही बघितलं. मग तिसऱ्यांदा बघण्याचं नुसतं सोंग केलं. बापाच्या हाताला खोट नव्हती, या एका गोष्टीवर त्याचं दुकान उभं होतं.

"मग नुसरतबाबांकडे इतकी वर्षं चालला कसा?" शेवटी त्याने विचारलं.

सावरीने जुनी पाचर त्याच्या हातात ठेवली आणि ओरखड्यांवर बोट टेकवलं. हिकमतने पाचर फिरवली, उजेडात धरली. मग आपला उजवा हात कानस मारल्यासारखा हवेत हलवला, आणि मग डावा. डावा हात तिथेच थांबला.

मग हिकमतने किटली उचलली. त्या घरात चहा नेहमी सावरी ओतायची. त्या दिवशी हिकमतने ओतला आणि पहिली पियाली बहिणीपुढे ठेवली.

"तरीही," तो दारातून वळून म्हणाला, कारण न बोलता जाणं त्याच्या रक्तात नव्हतं, "नुसरतबाबा म्हणणारच. वस्तरा चालेना."

"म्हणू दे."

"आणि लोक हसतील."

"हसू देत," सावरी म्हणाली. पण तो गेल्यावर ती वस्तरा हातात घेऊन बसून राहिली. लोक हसले तर हसोत, तेवढं ती पचवू शकली असती. पण म्हातारा थांबून ते वाक्य म्हणणार, सगळे खिदळणार, आणि आपण मान ताठ ठेवायची की खाली घालायची ते आपल्याला जन्मात कळणार नाही, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिला शाबासकी नको होती. तिला खरं काय ते हवं होतं.

सरतराशीच्या दिवशी अंगण माणसांनी भरून गेलं. कढईतल्या पलावाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. डफ वाजवणाऱ्या बायका एका बाजूला, मोहल्ल्यातले बाप्ये दुसऱ्या बाजूला, आणि मधे भरतकामाच्या मोठ्या चादरीवर मेहरोज बसलेला, गळ्यात पांढरं फडकं, नजर खाली. सावरीचा नवरा वारल्यापासून त्या घराचा सगळा मानपान गुलसुमकडे होता. गुलसुम म्हणजे नवऱ्याची बहीण, मेहरोजची आत्या. ती निळा रेशमी चोगा हातांवर आडवा घेऊन सगळ्यात पुढे उभी होती आणि आपल्यामुळेच लग्न लागतंय अशा थाटात सगळ्यांना मागे सरकवत होती.

नुसरत आला तसा लोकांनी रस्ता दिला. तो चादरीच्या कडेला बसला, बाह्या सारल्या आणि सावरीपुढे हात केला. तिने वस्तरा दिला. त्याने तो उघडला. मूठ पाहिली, पातं पाहिलं. अंगठ्याच्या नखावर धार टेकवली. पट्ट्यावर वस्तरा परजला आणि मग धोपटीकडे हनुवटीने खूण केली.

"माझं ब्लेडचं हत्यार आत आहे," तो सावरीला हळूच म्हणाला. "काळजी करू नको. वेळ आली तर कुणाला कळू देणार नाही."

त्याने ते मायेनेच म्हटलं होतं. सावरीला मात्र कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं असं झालं. ती मागे सरली आणि तंदूरच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

मेहरोजच्या गालावर फेस चढला. डफ थांबले. नुसरतने दोन बोटांनी कातडी ताणली आणि वस्तरा कानाच्या खाली टेकवून खाली ओढला.

भरलेल्या अंगणात ते ऐकू आलं. दाट राठ दाढीवरून वस्तरा जातो तेव्हा येतो तो खरखर आवाज, बारीक आणि एकसारखा. मेहरोजच्या पापण्या घट्ट मिटल्या होत्या, त्या हळूहळू सैल झाल्या. नुसरतने फेस फडक्याला पुसला, पुन्हा ओढला. गाल झाला. हनुवटीचा खळगा आला, जिथे कुणाच्याही हाताखाली रक्ताचा एखादा ठिपका निघतोच. वस्तरा खळग्यात उतरला आणि वर आला. फडक्यावर नुसता पांढरा फेस होता.

अर्धी दाढी झाली. नुसरतचा हात थांबला.

लोक सावरून बसले. मागच्यांनी टाचा उंचावल्या. गुलसुमने चोगा हातांवर नीट केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. नुसरतने वस्तरा उजेडात धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. भुवया चढल्या, तोंड उघडलं. सावरीने भिंतीवर मागे टेकलेले हात घट्ट दाबले.

नुसरतने तोंड मिटलं.

त्याने वस्तरा पुसला आणि दुसऱ्या गालाला लावला.

मागे कुणीतरी खाकरलं. "उस्तो, वस्तरा चालतोय का?" एकाने आठवण करून दिली. दोनचार जण हसले. नुसरतने वर पाहिलंसुद्धा नाही. वस्तरा खाली ओढला, पुसला, खाली ओढला. गुलसुम आपलं एक पाऊल पुढे टाकून उभी होती. ते मागे घ्यावं की दुसरंही पुढे टाकावं, तिला कळेना.

"म्हातारा विसरला," बायकांत कुजबूज झाली.

"हो, आणि हा विसरणार चोगा."

नुसरतने गळ्याखालची शेवटची कड काढली. ओल्या फडक्याने मेहरोजचं तोंड पुसलं, हनुवटी धरून चेहरा इकडे तिकडे फिरवला आणि सोडून दिला. पोराने स्वतःच्या गालावरून हात फिरवला. मग त्याने गर्दीत आईला शोधलं.

नुसरत वस्तरा पुसत होता. पाकळ्यांच्या मधलं पाणीही त्याने फडक्याच्या टोकाने टिपून घेतलं. मग वस्तरा कानाशी नेला आणि मिटला. ही सवय त्याला कुणी लावली, ते सावरीला विचारावं लागलं नाही.

"उस्तो," गुलसुमचा धीर सुटला, "तुम्ही बोललाच नाहीत. आता मी हा चोगा कसा घालू तुमच्या अंगावर? रीत आहे का काही?"

"बोलणार होतो," नुसरत म्हणाला. "तोंड उघडलं होतं. पण खोटं बोलायलाही काहीतरी आधार लागतो, बाई. इतक्या वर्षांत कुठे ना कुठे अडायचाच, त्या जोरावर बोलत आलो."

"मग हा चोगा मी कुणाला देऊ?"

"वस्तरा चालला नाही तर न्हाव्याला द्यायचा, हे मला ठाऊक आहे. चालला तर कुणाला द्यायचा, ते मला कुणी शिकवलं नाही. माझ्या जन्मात तशी वेळच आली नव्हती."

कुणी हसलं नाही. गुलसुमने चोग्याकडे पाहिलं, मग तंदूरकडे. एकेक करत सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. सावरी भिंतीपाशी उभी होती. तिला मान खाली घालायची सवय होती, आणि ती खाली जाईल म्हणून वाट पाहिली तर ती जाईना. तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता, उघडा, लख्ख, आणि तो लपवावा असं तिला वाटत नव्हतं.

बाप्यांच्या रांगेतून हिकमत उठला. चादरीला वळसा घालून गुलसुमपाशी गेला आणि तिच्या हातांवरून चोगा उचलून घेतला. बाईमाणसाच्या अंगावर उस्तोचा चोगा त्या मोहल्ल्यात कुणी पाहिलेला नव्हता. हिकमतला ते ठाऊक होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने बहिणीपुढे उभं राहून चोगा उलगडला आणि तिच्या खांद्यांवर घातला.

"आईला घालायचा राहिला होता," तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला. या खेपेला पुढे टोमणा नव्हता.

चोगा पुरुषी मापाचा होता. बाह्या सावरीच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. तिने आधी एक दुमडली, मग दुसरी, कामाला बसताना दुमडायची तशी, आणि नुसरतपुढे हात केला.

"द्या तो इकडे, उस्तो. लाकूड ओलं झालंय. तेल लावून ठेवते."

नुसरत जागचा उठला. वस्तरा त्याने उजव्या हातात घेतला आणि डावा हात छातीवर ठेवून तो तिच्यापुढे केला.

"घ्या, उस्तो," तो म्हणाला.